कुंपणापलीकडची निर्गुंडी

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, तयार जेवण बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. लझान्याच्या ट्रेवरच्या लेबलात शेंगदाणा लिहायचा राहिला नाही ना, हे बघणं माझं काम. ज्यावर लेबल नाही, बॅच नंबर नाही, ते माणसाच्या पोटात जाता कामा नये, असं मी दिवसभर लोकांना ऐकवते आणि घरी येऊन डाळींच्या डब्यांवर तारखा लिहिते. नवरा म्हणतो, एक दिवस तू माझ्या कपाळावरही एक्स्पायरी डेट लिहिशील. तो विनोद करतोय की तक्रार, याचाही मला संशय आहे.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आई आमच्याकडे आली. तीन महिन्यांसाठी. अलिबागच्या मराठी शाळेत तिने तेहतीस वर्षं शिकवलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप बदलून धातूची बसवली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभरासाठी मागे लागली. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी, फार पातळ झालं तर आतल्या आत रक्तस्राव. म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि आलेला आकडा एका छोट्या पिवळ्या पुस्तिकेत भरायचा. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी देताना तीनदा बजावलं होतं, खाण्यापिण्यात अचानक काही नवीन नको.

मार्चमध्ये विमानं बंद झाली. आईचं तिकीट आधी मेचं झालं, मग ऑगस्टचं, मग कशाचंच राहिलं नाही. अलिबागहून भाऊ दर तपासणीनंतर फोन करून आकडा विचारायचा, आणि मी परीक्षेचे मार्क सांगावेत तसा तो आकडा सांगायचे. मला एकच भीती होती. माझ्या घरात, माझ्या देखरेखीखाली आईला काही झालं तर? परत न्यायची सोयही नव्हती. मी घराचा बंदोबस्त केला. बाहेरून आलेलं दूधसुद्धा पुसून आत. क्लिनिकमध्ये आजारी माणसं येतात म्हणून आईची एक तपासणी मी पुढे ढकलली. पहाटे पावणेपाचला उठून, शिफ्टला निघायच्या आधी, आलं, ओली हळद, तुळस, मिरी, दालचिनी, लसूण आणि गुळवेल घालून घरादाराचा काढा उकळायचा आणि थर्मासमध्ये भरून ठेवायचा, हा नेम मी एकदाही चुकवला नाही. नवरा तीन दिवसांत काढ्याला कंटाळला. मेलबर्नला कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा आईचा मात्र मी एका कपाचे दोन केले.

आमच्या उजव्या हाताला सत्तरीच्या एक बाई राहायच्या. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापलीकडच्या टॉरेस स्ट्रेट या सामुद्रधुनीतल्या एका छोट्या बेटावरच्या. गल्लीत सगळे त्यांना आंटी म्हणत. त्यांच्या समाजात वडीलधाऱ्या बाईला मानाने आंटी म्हणतात आणि आपल्याकडे तर भाजीवालाही म्हणतो, त्यामुळे आम्हाला नवीन काही शिकावं लागलं नाही. चार वर्षांत त्यांचं माझं बोलणं रिसायकलिंगची बिन आज की पुढच्या आठवड्यात, यापलीकडे गेलं नव्हतं. आमच्या वसाहतीतल्या बाकी सगळ्या अंगणांत कापलेलं गवत आणि फार तर एक लिंबाचं झाड. आंटींच्या मागच्या अंगणात मात्र झुडपांचं रान माजलेलं होतं. त्यातली काही पत्र्याच्या कुंपणावरून आमच्याकडे डोकवायची आणि मी ती दर महिन्याला मुकाट्याने छाटायचे.

एप्रिलमधल्या एका दुपारी आई कपडे वाळत घालत होती. तिने कुंपणावरून आलेलं एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं आणि मला हाक मारली.

"अगं, ही निर्गुंडी आहे."

मी म्हटलं, ऑस्ट्रेलियात कुठली निर्गुंडी. तिने मला शाळेतल्या मुलीसारखं पानांसमोर उभं केलं. आपली पाच पानांची, ही तीन पानांची, पण फूल तेच जांभळं आणि वास तोच. तिच्या गुडघ्यांना तो वास ओळखीचा होता. तेवढ्यात पलीकडून आंटी आल्या, आणि दोघींचं कुंपणावरून जे सुरू झालं ते मला कारखान्याच्या घाईत कळलंच नाही.

आईचं इंग्रजी फक्त वर्तमानकाळातलं. पण दोघी झाडांबद्दल बोलत होत्या आणि झाडं समोरच होती. आईने हातवारे करून सांगितलं की आम्ही ही पानं तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधतो, सर्दीला उशीत भरतो. आंटी म्हणाल्या, आमच्या बेटावरही डोकं दुखलं की याच पानांचा वाफारा, आणि वाळलेल्या पानांची धुरी केली की किनाऱ्यावरच्या चावऱ्या माश्या पळतात. मग एकेक झुडूप निघालं. एकाचं फूल सकाळी पिवळं आणि संध्याकाळी लालसर. त्याच्या सालीचा दोर आंटींचे आजोबा होडीला वापरायचे. एकाचं पांढरं फूल अर्धंच उमललेलं, जणू कुणीतरी उरलेलं अर्धं तोडून नेलंय. त्याच्या फळाचा रस सुजलेल्या डोळ्यांत घालतात. आणि घराच्या उबदार भिंतीला टेकून एका मोठ्या कुंडीत बारतोंडी, म्हणजे नोनी, जिला आंटी चीज फ्रूट म्हणत. थंडीत त्या तिला रात्री जुनी चादर पांघरायच्या. जेवताना आई हे सगळं मला उत्साहाने सांगायची आणि मी मान डोलवत मनात विचारायचे, ही झाडं बेटावरून इकडे आणायला परवानगी लागते, ती या बाईंकडे आहे का?

जूनपासून मला घरात वेगळे वास यायला लागले. आईच्या गाऊनला धुराचा वास. तिच्या खोलीत कडवट वास. विचारलं तर म्हणायची, आंटींकडे गेले होते, मच्छर होते. आमच्या दारावरच्या बेलला कॅमेरा आहे. लोक तो चोरांसाठी लावतात, मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात बसून आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावून आईला बघायचे. बरोबर तीन वाजता ती डबा घेऊन बाहेर पडायची. साडेचारला परत यायची आणि डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलेलं असायचं. रिकामा डबा असा कुणी धरत नाही.

एकदा मी तो डबा उघडला. आत अळूवड्यांच्या बदल्यात आलेली नारळातली मासळी होती, निष्पाप. माझा संशय त्याने कमी झाला नाही, वाढला. इतकं स्वच्छ कसं?

ऑगस्टमध्ये आईने कुंपणाच्या आमच्या बाजूला निर्गुंडीच्या तीन फांद्या लावल्या. आंटींनी छाटून दिल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ तांदळाचं धुवण घालून तिने त्या जगवल्या आणि पहिली कोवळी पानं आली तेव्हा भावाला व्हिडिओ कॉल करून दाखवली. सात महिन्यांत या घरात तिची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती. हे मी आता म्हणते. तेव्हा मी फक्त, माळ्याला गवत कापायला अडचण होईल, एवढंच म्हटलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आईच्या दंडावर मला निळा डाग दिसला. ती म्हणाली, कपाटाचं दार लागलं. चार दिवसांनी पोटरीवर दुसरा. मग बेसिनमध्ये गुलाबी थुंकी. त्याच दिवशी धुण्याच्या खोलीत साबणाच्या मागे, फॉइलमध्ये गुंडाळलेलं एक पिकलेलं, पिवळट, गाठीगाठींचं फळ सापडलं. कुजलेल्या चीजसारखा वास. मी फोनवर चीज फ्रूट शोधलं. ते फळ आणि रक्त पातळ करणारी गोळी एकत्र घेऊ नये, असं तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. तीन ठिकाणं म्हणजे माझ्यासाठी कोर्टाचा निकाल.

दुसऱ्या दिवशी काढ्याचा पहिला कप देऊन मी आईला रक्त तपासायला पाठवलं. नवरा घेऊन गेला. दुपारी दोनला क्लिनिकमधून मला कामावर फोन आला. आकडा असायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. डॉक्टर म्हणाली, आज रात्रीची गोळी देऊ नका, डोकं दुखतंय का विचारा, आणि पाचपर्यंत तिला घेऊन माझ्याकडे या. येताना ती जे जे घेते ते सगळं आणा.

मी सुपरवायझरला काय सांगितलं ते आठवत नाही. हायवेवर मी मोठ्याने बोलत होते, गाडीत एकटी. घराशी आले तर आमच्या दारात आई नाही. शेजारच्या मागच्या अंगणातून धूर येत होता.

मी त्यांचं फाटक ढकलून आत गेले. आई वेताच्या खुर्चीत बसली होती, दोन्ही गुडघ्यांना पानं बांधलेली, समोर पत्र्याच्या डब्यात पानं धुमसत होती. मी आईला काही विचारलं नाही. मी आंटींना विचारलं, विचारलं कसलं, सुनावलं. तुम्ही हिला काय पाजताय? तुम्ही डॉक्टर आहात का? या झाडांवर कुठे लिहिलंय काय किती घ्यायचं? माझी आई मरेल, तुम्हाला कळतंय का? तुमच्या बेटावर चालत असेल हे जंगली वैद्यक, माझ्या घरात नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम हळू बोलले, लागावं म्हणून.

आंटींनी खाली वाकून आईच्या गुडघ्यांवरची पानं सोडवली, घाई न करता, आणि तिला उठायला हात दिला. आई म्हणत होती, अगं ऐक, अगं ऐकून तर घे. मी तिला दंडाला धरून घरी आणलं, जिथे डाग होता त्याच दंडाला. मग मागच्या अंगणात जाऊन तिन्ही रोपं मुळासकट उपटली आणि बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या झाकणाच्या बिनमध्ये टाकली. बिन न्यायला गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. आई काचेच्या दारातून बघत होती.

डॉक्टरकडे मी पुराव्यानिशी गेले, गाडी नवऱ्याने चालवली. फॉइलमधलं फळ, निर्गुंडीची पानं, फोनमधले स्क्रीनशॉट. डॉक्टरने आधी आईला तपासलं, डोळ्यांत टॉर्च मारला, डाग बघितले. वेळेत आलात, म्हणाली. मग फळ बघितलं आणि मला विचारलं, हे आई खाते?

"कधीच नाही," आई मराठीत म्हणाली. मी भाषांतर करायच्या ऐवजी तिच्याकडे बघत राहिले. आई थांबली नाही. "आपल्या शाळेमागे बारतोंडी होती. बिया तशाच आहेत का बघायला ठेवलंय. आंटींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तू हे खायचं नाहीस. त्यांचे मिस्टर अकरा वर्षं हीच गोळी घेत होते. त्यांच्याकडे पुस्तिका आहे, माझ्यासारखीच. पिवळी."

मी हे डॉक्टरला सांगितलं, जितकं सांगता आलं तितकं. डॉक्टर म्हणाली, आणि या फळाबद्दल जे ऐकिवात आहे ते उलटं आहे, त्याने आकडा खाली जातो. हिचा वर गेलाय. पानं गुडघ्यावर बांधून इतकं होणार नाही. गेल्या दोन महिन्यांत घरात काय बदललं?

मी म्हटलं, काहीच नाही. आणि मग, क्वालिटीतल्या माणसाला शोभेल अशा काटेकोरपणे, मी आईचा दिवस सांगायला लागले. सकाळी काढा, मग नाश्ता. डॉक्टरने हात वर केला. काढा म्हणजे? मी घटक सांगितले. ओली हळद म्हणताना तिचं पेन थांबलं, लसणाला तिने वर बघितलं. किती? सुरुवातीला एक कप, म्हटलं. आता दोन. डॉक्टरने हे पुन्हा एकदा विचारलं, आणि मग अगदी सौम्यपणे म्हणाली की यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने रक्त आणखी पातळ होऊ शकतं. मला क्लिनिकच्या फॉर्मवर ‘हर्बल औषधं घेता का’ हा प्रश्न प्रत्येक वेळी दिसला होता. प्रत्येक वेळी मी ‘नाही’वर खूण केली होती. हळद-लसणाला मी औषध कशी म्हणणार होते? ती तर आपली होती. औषधं म्हणजे शेजारणीची पानं.

परतताना गाडीत नवरा काहीतरी बोलायला गेला आणि त्याऐवजी त्याने रेडिओ लावला, हे शहाणपणाचं केलं.

काढा बंद झाला. आठवड्याभरात आकडा खाली आला, डाग पिवळे पडले. भावाला मी फोनवर सगळं सांगितलं. सगळं म्हणजे आकडा. काढ्याचं नाही सांगितलं.

आंटींकडे जायला मला नऊ दिवस लागले. दोनदा फाटकाशी जाऊन परत आले. मनात अजूनही एक किडा वळवळत होता की कदाचित त्यांनी आणखीही काहीतरी दिलं असेल, कदाचित दोन्हींमुळे झालं असेल. अपराधी वाटायला नको म्हणून माणूस किती बारीक विचार करू शकतो, हे मला तेव्हा कळलं. शेवटी शनिवारी दुपारी गेले. त्या नळीने पाणी घालत होत्या. मी सॉरी म्हटलं, काढ्याचंही सांगितलं, आणि जंगली म्हटलं त्याबद्दल वेगळं सॉरी म्हटलं. त्यांनी नळी बंद केली नाही. म्हणाल्या की नवऱ्याच्या हृदयासाठी त्या बेट सोडून ब्रिस्बेनला आल्या, आणि इथल्या वॉर्डात त्याच्यासाठी पानं मागवली तेव्हा एका नर्सने हाच शब्द वापरला होता. त्यामुळे शब्दाची त्यांना सवय आहे. ही झुडपं केर्न्सच्या एका मैत्रिणीच्या अंगणातून फांद्या आणून लावलेली, बेटावरून नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. म्हणजे तो प्रश्न माझ्या चेहऱ्यावर इतके महिने दिसतच असणार. मला फार लाज वाटली.

मी विचारलं, तीन फांद्या पुन्हा मिळतील का, आईसाठी.

"तुझ्या आईने मागितल्या तर देईन," त्या म्हणाल्या. "तू मागू नकोस."

मी घरी आले. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. इथल्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं, पण ती निवडते. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, आई, माझं चुकलं, तुझी रोपं मी उपटायला नको होती. तिने मान हलवली. मी म्हटलं, आणि काढा. तू आधीच का नाही म्हणालीस की काहीतरी होतंय?

तिने ताटातले तांदूळ बोटाने एका बाजूला सारले.

"पहिल्या दिवसापासून पोटात जळायचं माझ्या," ती म्हणाली. "तू पहाटे उठून करायचीस, शिफ्टच्या आधी. विमान नाही, तिकीट नाही, सात महिने तुझ्या घरात बसलेय. नको कसं म्हणणार?"

मी म्हटलं, आंटींकडे तर सगळं चालत होतं. हे बोलताना माझ्या आवाजात तक्रार होती, ती मला ऐकू आली.

"त्या आधी विचारतात," आई म्हणाली. "हवंय का म्हणून. मी दोनदा नको म्हटलंय त्यांना. काही बिघडलं नाही."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडले. त्यात खरोखरच काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. शिफ्ट नव्हती. आई उठून बाहेर आली तेव्हा मी गॅसपाशी उभी होते. भांड्यात पाणी ओतणार होते आणि थांबले.

"आई, चहा घेणार?"

तिने क्षणभर विचार केला. "नको," म्हणाली.

मला लगेच संशय आला की ती अजून रागावली आहे. मी वळून तिच्याकडे नीट बघितलं. ती खिडकीशी बसली होती, ग्लासातलं गार पाणी सावकाश पीत. रागाचं काहीच नव्हतं. तिला खरंच नको होता.